पळसाला किती जागा द्यायची?

नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याकडे वाकळा, म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोधड्या, शिवल्या जातात त्या उन्हाळ्यात. सुगी आटोपलेली असते, दुपारच्या वेळी बायांच्या हाताला उसंत मिळते आणि धुतलेलं जाड कापड दिवसभरात खडखडीत वाळतं. पण रंगांचा निर्णय त्याआधीचा, माघ-फाल्गुनातला. तेव्हा गाठोडं सोडलं जातं. कोणतं लुगडं आता नेसायचं नाही, कोणतं पोटात घालायचं, कोणतं वर येऊ द्यायचं, हे सगळं तेव्हा ठरतं. पुढचा संवाद त्या निर्णयाविषयीचा आहे. एकीकडे लोह्यात राहणारी, वाकळा शिवण्यात हात बसलेली आत्या. दुसरीकडे नांदेडला राहणारी तिची भाची. भाची गोधड्या, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं ऑर्डरप्रमाणे शिवून पुण्या-हैदराबादला पाठवते आणि यंदा तिला वसंताच्या रंगांतला एक संच करायचा आहे. दोघींची नावं सांगण्याची गरज नाही. अशा आत्या आणि अशा भाच्या मराठवाड्यात घरोघर आहेत.

भाची : आत्या, हे बघ. माळेगावच्या वाटेवर पळस फुललाय, त्याचा फोटो काढला. फोननं त्यातून पाच रंग काढून दिले. केशरी, पिवळा, पोपटी, जांभळा, तपकिरी. या पाच रंगांचं सुती कापड आणायचं, सारखे चौकोन कापायचे आणि जोडायचे.

आत्या : ह्या पाची पट्ट्या सारख्याच रुंदीच्या कशा काय?

भाची : असंच दाखवतात. पाच रंग, पाच पट्ट्या.

आत्या : मंग ते खरं न्हाई. माळावर पळस येवढा असतोय का? सगळा उजाड माळ, वाळलेलं गवत, काळं रान, आन् मदीच एक झाड. तुझ्या पट्टीत तर पाचातला एक वाटा पळसच हाय. येवढा पळस अंगावर घेऊन झोप लागंल का कुणाला?

या सगळ्या विषयाचं मर्म आत्याच्या या एका प्रश्नात आहे असं मला वाटतं. लोहा, कंधार, मुखेडच्या पट्ट्यात बालाघाटच्या डोंगररांगा आहेत. तिथला फाल्गुन डोळ्यांपुढे आणा. पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं काळं रान. ज्वारी काढलेल्या शेतातली पांढुरकी धसकटं. पिवळा पडत आलेला गहू. घाटे भरले तसा हिरवा सोडून तांबूस होत चाललेला हरभरा. कुठे एखाद्या वावरात करडई, आधी पिवळी आणि सुकत जाईल तशी केशरी-लाल होणारी. बाकी सगळा पसारा मातीचा, राखेचा, कडब्याचा. त्या पसाऱ्यात पळस फुलतो आणि तोही अंगावरची पानं टाकून. फूल हातात घेऊन पाहिलं तर पाकळ्यांच्या बुडाशी मखमली, काळपट तपकिरी वाटी दिसते. केशरी इतकं पेटतं ते त्या काळ्या वाटीमुळे आणि मागच्या करड्या, नागड्या फांद्यांमुळे. रंगांची यादी करताना फोननं केशरी बरोबर उचललं, पण त्याला पेटवणारं प्रमाण सोडून दिलं.

जगभर वसंताचे म्हणून जे रंग विकले जातात ते बहुतेक उत्तरेकडच्या थंड देशांतले आहेत. बर्फ वितळल्यावर तिथे पहिली फुलं येतात ती पांढरी, फिकी जांभळी, लोण्यासारखी पिवळी. सूर्य तिरपा आणि मवाळ असतो, त्या उजेडात फिके रंग उठून दिसतात. आपल्याकडे फाल्गुनातली दुपार म्हणजे उन्हाळ्याचीच चाहूल. त्या उन्हात फिका गुलाबी आणि फिका पिस्ता दोन्ही पांढरेच दिसतात. पण भाचीची अडचणही खरी आहे.

भाची : माझी गिऱ्हाईकं फिकेच रंग मागतात गं. मोतिया, अबोली, पिस्ता. भिंती पांढऱ्या, सोफा करडा, खोल्या लहान. तिथं भडक गोधडी टाकली तर खोली अजून लहान वाटते. आणि उन्हाळ्यात फिका रंग डोळ्यांना गार वाटतो, हे तरी मानशील का नाही?

आत्या : मानते की. फिकं वाईट कुठं म्हणले मी? माळवदाच्या घरात, त्या एका खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या धोतराची वाकळ टाकली की अंधारातबी नजरंला पडती. तीच अंगणात उन्हात टाक, तिच्यावरचं एक ठिगळ ओळखू यायचं न्हाई.

भाची : म्हणजे कापड कुठल्या उजेडात पडणार आहे ते आधी बघायचं.

आत्या : दुकानात साडी घेताना दारापाशी नेऊन बघतोच की आपण. वाकळीला तेवढंबी करू नये व्हय?

दारापाशी साडी नेण्याची ही सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. दुकानातल्या दिव्याखाली एकमेकांशी तंतोतंत जुळणारी दोन कापडं उन्हात वेगळी निघू शकतात, कारण त्यांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असतात आणि प्रत्येक उजेडाला ती द्रव्यं वेगळा प्रतिसाद देतात. घरातल्या पडद्यांना, चादरींना, उशांनाही हेच लागू आहे. जिथे कापड राहणार आहे त्याच खोलीत ते सकाळी एकदा आणि रात्री दिवा लावून एकदा पाहावं, मगच कात्री लावावी.

भाची : मी एक वाचलं होतं. पॅरिसला गोबलँ नावाचा गालिचे विणायचा मोठा कारखाना होता. तिथं रंगाई बघणारा शेव्हरल म्हणून रसायनशास्त्रज्ञ होता. लोक तक्रार करायचे की तुमच्या काळ्या धाग्यात दम नाही, निळ्या-जांभळ्याजवळ तो पडका दिसतो. त्यानं तपासलं तर काळा रंग चांगलाच होता. शेजारच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. त्यावर त्यानं 1839 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं.

आत्या : शेजारामुळं रंग बिघडतोय हे सांगायला पुस्तक लागलं त्याला? हिरव्याजवळ लाल ठेवलं की दोघंबी भांडतेत. मदी काळी नाहीतर मातकट पट्टी घाल, गप बसतेत. आमी वाकळ मांडताना सगळे तुकडे भुईवर टाकतो, वट्यावर उभं राहून डोळे बारीक करून बघतो. जो तुकडा उड्या मारून पुढं येतोय त्याला कडंला नेतो, नाहीतर निम्मा करतो.

भाची : मी त्याच्यासाठी फोनवर काळा-पांढरा फोटो काढते. रंग गेला की कोणता तुकडा जास्त उजळ आणि कोणता जास्त गडद ते लगेच कळतं.

आत्या : मंग तुझा फोन आन् माझे बारीक डोळे एकच काम करायलेत.

इथे दोघी एकमेकींच्या अगदी जवळ आल्या होत्या. खरं भांडण त्याच्या पुढचं होतं. रंग निवडायचा म्हणजे कापड विकत आणायचं का, हा तो प्रश्न.

आत्या : नवं कापड फाडून शिवायचं तर मंग चादरच घ्यावी. सोलापुरी चादर काय वाईट हाय? वाकळीत रंग आपण आणायचे नसतेत, घरातून येतेत. सासूचं लुगडं, दादाचं धोतर, पोरीचा परकर. कुणी काय नेसलं तेच वर येणार. आपल्या हातात काय? कुठं ठेवायचं, येवढंच.

भाची : येवढंच म्हणू नकोस. तेच तर सगळं अवघड असतं.

आत्याचं म्हणणं केवळ जुनं वळण म्हणून सोडून देता येणार नाही. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्याच्या चार घड्या घातल्या की साधारण दोन मीटर लांबीचे चार पदर मिळतात, माणूस निजेल एवढ्या मापाचे. एका लुगड्यातून वाकळीचं पोट तयार होतं. काठ फाडून वेगळे ठेवले की कडेची पट्टी झाली. इरकलीचा लाल पदर राहिला तर तो मधे. म्हणजे लुगड्याच्या अंगा-काठांत रंगांचं प्रमाण आधीच ठरलेलं असतं : अंग भरपूर, काठ थोडे, पदर एक. विणकरानं घातलेली ती वाटणी वाकळीत उतरते.

असं घरातून येणाऱ्या रंगांनी शिवणारे लोक जगात इतरत्रही आहेत. आपल्या शेजारी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बाया ‘कवंदी’ शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे घेऊन कोपऱ्यापासून सुरुवात करतात, कडेकडेनं फिरत मधे येतात आणि चार कोपऱ्यांना घडीची टोकदार ‘फुलं’ लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यातलं जीज बेंड हे कृष्णवर्णीय शेतमजुरांचं गाव गोधड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या मिसुरी पेटवे यांनी 1942 मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतकामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. विटलेला निळा, मळकट पांढरा, मातीचा तपकिरी, आणि त्यांत थोडा लाल. त्या गावच्या गोधड्या 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर लागल्या आणि पाहणाऱ्यांना आधुनिक चित्रकलेची आठवण झाली. यातली कोणतीही बाई रंगांची पट्टी विकत घ्यायला गेलेली नव्हती.

इथवर मी पूर्णपणे आत्याच्या बाजूचा होतो. पण भाचीनं गाठोडं सोडायला लावलं.

भाची : तुझ्या गाठोड्यात आत्ता काय आहे ते बघू या ना. हे एक लुगडं सुती. हे धोतर. हे दुसरं सुती. आणि ह्या बाकीच्या? राणी कलर, रामा, चकाकणारी निळी, ही सोनेरी छापाची. सगळ्या सिंथेटिक. घाम टिपत नाहीत, टाका घालताना सुईखालून सरकतात, आणि रंग तर दहा वर्षांनी पण आजच्यासारखेच.

आत्या : आता सुती कोण नेसतंय?

भाची : तेच म्हणतेय मी. रंग घरातून येतात हे तुझं खरं होतं, कारण तेव्हा घरात सुती होतं. सुती कापड धुण्यानं विटायचं, उन्हानं विटायचं. दहा लुगडी दहा रंगांची असली तरी गाठोड्यात येईपर्यंत सगळी एकमेकांसारखी मऊ झालेली असायची. तू निवडत नव्हतीस, ऊन निवडत होतं. आता हे रंग ऊन लावून पण हलत नाहीत. मग निवड कुणी करायची?

आत्यानं यावर लगेच उत्तर दिलं नाही, आणि मला वाटतं याला सोपं उत्तर नाहीच. जुन्या वाकळा डोळ्यांना इतक्या शांत का वाटतात याचं कारण भाचीनं अचूक सांगितलं. डाळिंबी, मोरपंखी, हिरवा, पिवळा असे एकमेकांशी झगडणारे रंग वर्षानुवर्षं एकाच पाण्यात धुतले, एकाच उन्हात वाळले, तर सगळ्यांचा भडकपणा उतरतो आणि सगळ्यांवर एक सारखी धुरकट छटा चढते. त्या छटेमुळे ते नांदतात. सिंथेटिक साड्यांवर ही छटा चढत नाही. म्हणून ‘घरात असेल ते’ हा नियम आज जसाच्या तसा पाळला तर हाती येते ती खोलीभर ओरडणारी वाकळ. जुन्या पद्धतीवर माझं प्रेम आहे, आणि म्हणूनच तिच्या यशातला उन्हाचा वाटा नाकारता येत नाही.

मग रंग स्वतः करावेत का? भाचीला तोही मोह झाला होता.

भाची : पळसाची फुलं उकळून कापड रंगवलं तर? किंवा हळद? वसमतची हळद तर इथं शेजारीच.

आत्या : हळदीचं कापड साबणाच्या पाण्यात टाकलं की लाल होतंय, माहीत हाय ना? आन् उन्हात टाकलं की उडूनच जातंय. खंडोबाचा भंडारा धोतरावर किती दिस राहतोय? आन् पळसाचा रंग रंगपंचमीला चांगला, एका धुण्यात जातोय म्हणूनच चांगला.

तुरटीत भिजवलेल्या कापडावर पळसाचा पिवळा जरा जास्त टिकतो, पण रोज पांघरायच्या, वरचेवर धुवायच्या गोधडीला तो पुरत नाही. करडईचं मात्र मला वेगळं वाईट वाटतं. कुसुंबी रंग म्हणतात तो याच पिकाच्या पाकळ्यांचा. पाकळ्या गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन आधी पिवळा काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात लाल सोडवायचा आणि लिंबासारख्या आंबटानं तो कापडावर बसवायचा. रासायनिक रंग आल्यावर ही विद्या मागे पडली. करडई उरली तेलापुरती, आणि सोयाबीन वाढलं तशी तीही कमी झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या एका वाणाचं नाव ‘परभणी कुसुम’ आहे. रंगाची ओळख नावात तेवढी राहिली. कुसुंबीही उन्हात विटतो, त्यामुळे गोधडीसाठी तो उपयोगाचा नाही. पण माघात करडईच्या वावराकडे पाहिलं तर पिवळ्यापासून केशरी-लालापर्यंतची चढण एकाच रोपावर दिसते, आणि ती पाहून दोन शेजारचे तुकडे कसे निवडावेत हे कळतं.

पुढे दोघींनी जे ठरवलं ते असं. चकचकीत साड्या वाकळीतून बाद. त्यांचे पडदे होतील, धान्याच्या कोठीवर झाकण होईल, अंगाशी त्या नकोत. जुनं सुती जेवढं मिळेल तेवढं अंगाला वापरायचं. कमी पडलं तर कोरी मांजरपाट आणायची, रंगीत नव्हे, आणि ती आधी दोनदा धुऊन आटवून घ्यायची. नवं रंगीत कापड घ्यायचंच तर एकच रंग, आणि तोही ओला पांढरा रुमाल घासून, रंग सोडतो का ते पाहून.

भाची : पण तो एक रंग किती घालायचा?

आत्या : रुपयात बारा आणे अंग. मातीचं, धोतराचं, कडब्याचं. तीन आणे मदले, हरभऱ्यावानी हिरवे, गव्हावानी पिवळे. आन् एक आणा पळस. त्याला चिकटून काळं ठेव थोडं, त्याच्या देठाला असतंय तसं.

भाची : आणि दोरा?

आत्या : दोरा सगळीकडं एकच. ठिगळ बदललं म्हणून दोरा बदलायचा न्हाई. बोटभर अंतरानं कडंपासून आत, चौकटीत चौकट. एक दोरा सगळ्या रंगांवरून गेला की ते एका घरचे दिसतेत.

हे शेवटचं मी स्वतः जवळून पाहिलेलं आहे. धावदोऱ्याच्या ओळी दाट असल्या की प्रत्येक तुकड्यावर दोऱ्याचे बारीक ठिपके पडतात आणि लांबून पाहताना ते ठिपके तुकड्याच्या रंगात मिसळतात. पांढऱ्या दोऱ्यानं गडद तुकडे थोडे उजळतात, काळ्यानं फिके तुकडे थोडे दबतात. उन्हानं जी छटा चढवायची, तिचा काही भाग दोरा चढवतो. सिंथेटिकच्या काळात सुती तुकडे थोडे आणि वेगवेगळ्या वयाचे मिळतात, तेव्हा दोऱ्याची निवड कापडाइतक्याच काळजीनं व्हायला हवी.

एक गोष्ट मात्र मिटली नाही. भाचीला एकसारखे दहा नग लागतात. फोटोत दाखवलेलं तेच गिऱ्हाइकाला पोचलं पाहिजे, नाहीतर माल परत येतो.

आत्या : दोन वाकळी सारख्या होत न्हाईत. ज्याला सारखं पायजे त्यानं मशीनची घ्यावी.

भाची : त्या दहा नगांवर पाच बायांची मजुरी चालते, आत्या.

आत्या : मंग अभ्रे सारखे कर. वाकळ न्हाई.

भाचीनं तसंच केलं. उशांचे अभ्रे नव्या कापडाचे, ठरवलेल्या रंगांचे, एकसारखे. गोधडी मात्र गिऱ्हाइकाच्याच घरच्या जुन्या सुती कपड्यांची, आणि तिचा फोटो आधी दाखवला जाणार नाही. काही ऑर्डरी यामुळे जातील, हे तिला ठाऊक आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो.

कारण मजुरीचा प्रश्न रंगांपासून वेगळा नाही. शहरातून येणाऱ्या ऑर्डरीत बहुतेक वेळा रंगांची पट्टी आधीच ठरलेली असते आणि शिवणाऱ्या बाईला फक्त टाक्यांचे पैसे मिळतात. वट्यावर उभं राहून, डोळे बारीक करून, एक तुकडा इथून उचलून तिथे ठेवण्याच्या तिच्या अर्ध्या दिवसाला कुणी काम मानत नाही. गोधडी सुंदर होते ती त्या अर्ध्या दिवसात. म्हणून या फाल्गुनात कुणाकडे गोधडी शिवायला टाकणार असाल तर घरातलं जुनं सुती कापड धुऊन तिच्याकडे न्या, हवा तर एक तेज रंग तुम्ही निवडा, मांडणी तिच्यावर सोडा, आणि त्या मांडणीचे पैसे टाक्यांच्या मजुरीहून वेगळे मोजून द्या.